चोरून प्यायलेलं पाणी

दीपमाला पाणी चोरून प्यायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईच्या जारचं पाणी, न्हाणीत कडी लावून. मोठा घोट घेतला की घशाचा आवाज होतो, म्हणून लहान लहान घोट. मोबाईलवर दर दोन तासांचा गजर लावलेला होता. तो वाजला की तव्यावरची चपाती करपली तरी चालेल, पण बाई बाटली पदराखाली घेऊन आत जायच्या आणि ओठ पुसूनच बाहेर यायच्या. मग सासूबाई करपलेली चपाती स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

हे सगळं राजानंदसाठी. राजानंद म्हणजे तिचा नवरा. नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत बरीच वर्षं हिशेब बघायचा. दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि त्याची नोकरी आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या पलंगावर पडून राहण्याची झाली. त्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, वरण आलं, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला. जालन्याचा उन्हाळा, आणि हा माणूस तोंडात बर्फाचा एक खडा धरून खिडकीशी बसलेला. अशा माणसासमोर घटाघटा पाणी कोण पिईल?

आणि दीपमालाला तर प्यायलाच हवं होतं. तिची किडनी त्याला जुळली होती. सासूबाईंना, म्हणजे बेबीनंदाबाईंना साखरेचा आजार, मुलगी प्रीती लातूरला शिकणारी, तिचं तर नावही कोणी काढू दिलं नसतं. राहिली दीपमाला. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं, गाडं अडलं ते वजनाच्या काट्यावर. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बारा किलो उतरवा, मग पुढचं बोलू. तिथली आहार सांगणारी पोरगी भारी गोड बोलायची. "मॅडम, आपल्याला तहान लागलेली असते आणि आपण भूक समजून खातो. आधी पाणी प्यायचं. जेवणाआधी तर प्यायचंच. अन् पुढं तुम्हाला एका किडनीवर राहायचंय, तर पाण्याची सवय आत्तापासून लावा." तीन लिटर म्हणाली. राजानंद शेजारच्याच खुर्चीवर बसून ऐकत होता.

आता गंमत बघा. दीपमाला वाटूरकडच्या एका खेड्यात शाळेवर होती. तिथल्या संडासाला कायम कुलूप, कारण आत पाणी नाही. त्यामुळे घरून निघताना अर्धा कप चहा, आणि मग संध्याकाळी घरी येईपर्यंत घशाला कोरड. सगळ्या बाया असंच करायच्या, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. न पिता राहणं तिच्या अंगवळणी पडलेलं, पिणं नव्यानं शिकावं लागलं. मग शाळेमागच्या दैवशाला नावाच्या अंगणवाडीवालीच्या घरी दिवसातून तीन-चारदा लघवीला जायला लागली. पोरांनीही त्या वेळा पाठ केल्या आणि हसायला लागली. हसू देत, ती म्हणाली.

लोक म्हणायचे, केवढं मन हो तुमचं. शाळेतल्या कौसल्याबाई तर भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "तुमी म्हंजे सावित्रीच हाव." दीपमालाच्या घरात सावित्री एकच, हातात पुस्तक घेतलेली, भिंतीवर. यमाच्या मागं धावणारीशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं. पण वाद घालायला अंगात जोर लागतो, म्हणून ती नुसती मान हलवून वह्या तपासायला लागली.

मनाचं म्हणाल तर ते कधीच गप झालं होतं. भीती वाटायला पाहिजे होती, पोट फाडणार होते तिचं. नवऱ्याची माया दाटून यायला पाहिजे होती. काहीच येत नव्हतं. सकाळी उठायचं, वजन बघायचं, गजर झाला की प्यायचं. भाकरी अर्धी, भात बंद, पाणी तीन लिटर. तहानसुद्धा लागायची नाही, लागायच्या आधीच प्यायलेलं असायचं.

एका रविवारी गजर वाजला आणि ती उठली, तसा राजानंद म्हणाला, "कुठं चालली?"

"न्हाणीत."

"पानी प्यायला ना? मला काय ठावं न्हाई व्हय? कधीपासून ऐकून राह्यलो."

ती तशीच उभी राहिली. पदराखाली बाटली.

"इकडं ये. माझ्यासमोर पी."

"अहो, काहीतरीच काय."

"तू तिकडं पिते, अन् मी इकडं तुझे घोट मोजत बसतो. त्याच्यापरीस बघू दे मला. बस अशी समोर."

ती बसली. बाटली तोंडाला लावली. तो टक लावून बघत होता, आणि तिच्या प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. बाटली रिकामी झाल्यावर त्यानंच मोठा श्वास सोडला.

"गार हाये का?"

"माठातलं हाये."

"लिंबू पिळत जा थोडं. बराबर लागंल."

तेव्हापासून कडी लावणं बंद झालं. गजर राजानंदनं स्वतःच्या मोबाईलवरही लावून घेतला. दुपारी शाळेत तिला त्याचा फोन यायचा, "मॅडम, गृहपाठ झाला का?" सुटीच्या दिवशी तो खुर्ची ओढून समोर बसायचा. तिला त्यानं बरं वाटायचं असं म्हणता येणार नाही. पण न्हाणीतल्या अंधारात उभं राहावं लागत नव्हतं, एवढं खरं. काट्यावरचा आकडा खाली सरकत होता.

हे सगळं बेबीनंदाबाईंना बघवायचं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला की त्या उठून बाहेर ओट्यावर जायच्या. एकदा मात्र राहवलं नाही.

"बाई, हे काय लावलं तुमी? तू पिते अन् माझं लेकरू बघत बसतं?"

"आत्या, तेच म्हणाले, समोर पी म्हणून."

"तो म्हनंल. तुला समजायला नको?" म्हातारीनं दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली. "अशी उभी राह्यचे मी. माहेरच्या विहिरीवर, खाली, दूर. विहिरीला हात लावायचा न्हाई. कोनी आलं अन् वरून वतलं तर वतलं. न्हाई तर दुसऱ्याचं पिनं बघत बसायचं, उन्हात. बाबासाहेबानं पान्याला हात लावायला शिकवलं आपल्याला. अन् माझ्याच घरात माझ्या पोरानं बघत बसायचं?"

दीपमालानं चौथीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. पाणी बाहेर पडायला वाट राहिलेली नाही. जास्त झालं की छातीत भरतं, श्वास कोंडतो, माणूस जातो. आपण किडनी देईपर्यंत कळ काढायची, मग त्यांना हवं तेवढं.

"कळतं मला," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "कळतं. पर बघवत न्हाई."

एप्रिलात काटा हवा तिथं आला. डॉक्टरांनी पाठ थोपटली, पुढल्या महिन्यात परवानगीच्या समितीसमोर बसायचं, मग ऑपरेशन. आहारवाल्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. दीपमाला काट्यावरून उतरली, चप्पल घातली. राजानंदनं गाडीत बसल्यावर तिचा हात धरला आणि जालना येईपर्यंत सोडला नाही. तो हात धरलाय हे तिला दिसत होतं.

त्याच आठवड्यात नळ आला. जालन्यात नळ रोज येत नाही, येतो तेव्हा सणासारखा येतो. बारा दिवसांनी आला होता. गल्लीभर ड्रम, टाक्या, हंडे, मोटारींची घरघर, बायकांची आरडाओरड. दीपमाला त्या दिवशी परतूरला प्रशिक्षणाला गेली होती. घरात म्हातारी पाइप धरून ड्रम भरत होती आणि खिडकीशी बसलेला राजानंद दिवसभर त्या धारेचा आवाज ऐकत होता.

दीपमाला संध्याकाळी आली तेव्हा फरशी ओली होती आणि राजानंद हसत होता. नुसता हसत नव्हता, प्रीतीला फोन लावून थट्टा करत होता. तारीख मिळाली म्हणून खूश आहे, असं दीपमालाला वाटलं. डोळ्यांखाली जरा सूज दिसली. ऊन आहे, असं वाटलं. डायलिसिस दुसऱ्या दिवशी सकाळी होतंच.

उजाडता उजाडता तो उठून बसला तो पुन्हा टेकलाच नाही. पाण्यात बुडणाऱ्यासारखा श्वास ओढत होता. रिक्षा आली, दवाखाना आला, ऑक्सिजन लागला. ऊन चढायच्या आत सगळं संपलं. पाणी जास्त झालं, छातीत भरलं, डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी प्यायले होते का काही? दीपमाला म्हणाली, नाही. पाऊण लिटर.

मागून बेबीनंदाबाई म्हणाल्या, "मीच दिल्तं."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. धार सुटली होती, तो बघत होता. म्हणाला, माय, दे. एकदा नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा त्यानं ओंजळ केली, अन् मग त्यांना राहवलं नाही. दीपमालानं ऐकून घेतलं आणि कागदांवर सह्या करायला गेली.

भंतेजी आले, वंदना झाली. माणसं आली, रडली, गेली. प्रीती रडून रडून आडवी झाली. दीपमाला रडली नाही. गजर मात्र तिनं बंद केला नव्हता. तो वाजला की ती भरल्या घरातून उठायची, बाटली भरायची आणि सगळ्यांच्या देखत प्यायची. थांब असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्या बाया एकमेकींकडे बघायच्या, घशाखाली जातं तरी कसं बाईच्या. जायचं. लिंबू पिळलेलं.

पाहुणे पांगल्यावर प्रीती म्हणाली, "मम्मी, आजी पानी पीत न्हाई. दवाखान्यातून आल्यापासून फक्त ओठ ओले करू राह्यली."

बेबीनंदाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठांना भेगा पडलेल्या. दीपमाला दारात उभी राहून बघत राहिली, आणि तिला राग आला. कित्येक महिन्यांनी काहीतरी आलं होतं, आणि आला तो राग. म्हातारीचा आला, मागणाऱ्याचा आला, काट्यावर उभ्या राहिलेल्या स्वतःचा आला. नाही पीत तर नका पिऊ, मरा, असं तिच्या अगदी ओठावर आलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, माठातून तांब्या भरला, आणि म्हातारीसमोर येऊन बसली.

"आत्या, किती पिले ते?"

म्हातारी भिंतीकडेच बघत म्हणाली, "दोन तांबे."

"कसे पिले?"

"आं?"

"मी न्हवते. सांगा मला, कसे पिले."

म्हातारी हळूच वळली. "पोटभर पेला गं माय. छाती भिजली, बनियन भिजलं. मंग हसला. म्हनला, माय, आता बरं वाटलं. लई दिसांनी हसला."

दीपमालानं मान हलवली. बनियन दोरीवर तसंच होतं, तिनंच काढलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. "माझ्यासमोर प्या."

बेबीनंदाबाई उठून बसल्या. आणि त्यांनी तांब्याला हात लावला नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली, पुढं धरली आणि मान खाली घातली.

दीपमालानं ओतलं नाही. तिनं तो तांब्या त्या ओंजळीत ठेवला, वरून आपले हात धरले आणि म्हातारीच्या तोंडापर्यंत नेला. पहिला घोट बाहेर सांडला. दुसरा गेला. मग म्हातारी प्यायला लागली, डोळे मिटून, आवाज करत. सुरकुतलेला गळा वर-खाली होत होता आणि दीपमाला टक लावून बघत होती. गजराला अजून वेळ होता. तरी तिला तहान लागली.