उलटं माप

माझ्या मुलीला शाळेने गणिताच्या खालच्या वर्गात टाकलं, त्या दिवशी माझ्या हातून दुकानातली एकही काच फुटली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावर घालायच्या काचा. नवरा कापतो, मी गिऱ्हाईक सांभाळते आणि भांडते. भांडणाचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. नवरा इतका कमी बोलतो की नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, याला ऐकू येत नाही. मुलगी त्याच्यावर गेली आहे. घाई म्हणजे काय ते तिला ठाऊकच नाही, म्हणून घरात सगळे तिला ठमी म्हणतात.

ठमीच्या शाळेत यंदापासून गणिताचे तीन वर्ग केले. वरचा, मधला आणि ‘पाया’. पाया म्हणजे खालचा, पण तसं म्हणायची त्यांना लाज वाटते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! पायातल्या मुलांना पुढच्या वर्षी बीजगणित नाही, आणि ते एकदा सुटलं की पुढे गणिताचं दारच बंद. हे सगळं एका चाचणीवर ठरलं आणि ठमी पायात गेली.

तेही मी एक वेळ गिळलं असतं. पण त्या संध्याकाळी बापाने नेहमीसारखी हाक मारली, “ये गं, माप धर,” तर पोरगी जागची हलली नाही. म्हणाली, “मी नको, बाबा. मला गणित येत नाही. चुकलं तर काच वाया जाईल.”

टेबलापर्यंत हात पोचायला लागला तेव्हापासून ती बापाबरोबर माप धरते. नवऱ्याने एकट्यानेच टेप उचलला. माझ्या मस्तकात जी तिडीक गेली ती काही खाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायला निघाले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, “मुंगी होऊन साखर खा गं बाई. हत्ती होऊन लाकडं खायला जाऊ नकोस.” मी हो म्हटलं आणि हत्ती होऊनच शाळेत शिरले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत गणिताच्या बाईही होत्या. वयाने लहान, आणि हातातल्या पेनचं टोपण सारखं काढायची नि लावायची सवय. त्या म्हणाल्या, “मुलीला येत नाही असं नाही, पण तिने अर्धा पेपर कोरा सोडलाय. शिवाय गोंधळते फार. उत्तर आलं तरी थांबत नाही, पुन्हा काहीतरी लिहीत बसते. पायात राहिली तर आत्मविश्वास वाढेल तिचा.”

“होता तोसुद्धा गेला!” मी म्हटलं. “हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई? बोलवा तिला आणि माझ्यासमोर गणित घाला.”

बाईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी घड्याळाकडे. पण मी खुर्चीत अशी काही बसले होते की मला उठवायला हमाल बोलवावे लागले असते. शेवटी ठमीला बोलावणं गेलं.

ठमी आली ती मान खाली घालूनच. भिंतीवर छोटा फळा होता. बाईंनी गणित सांगितलं. “एका आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे. परिमिती छत्तीस. तर क्षेत्रफळ किती?”

ठमीने खडू घेतला. रुंदी सहा, लांबी बारा, क्षेत्रफळ बहात्तर. लिहून झालं. मी विजयी मुद्रेने सरांकडे वळले, पण खडूचा आवाज काही थांबेना. ठमी खालून वर निघाली होती. बहात्तर भागिले बारा, आले सहा. सहाची दुप्पट बारा. बारा, सहा, बारा, सहा, छत्तीस. तिने छत्तीसवर खूण केली आणि मगच खडू ठेवला.

“हेच!” बाई म्हणाल्या. “उत्तर बरोबर आलंय, तरी पुन्हा सुरू. पेपरातही प्रत्येक गणिताला असंच केलंय हिने.”

मी खुर्चीतून उठून फळ्याशी गेले. कारण हा गोंधळ नव्हता. हे आमचं उलटं माप होतं.

काच एकदा कापली की सांधता येत नाही. म्हणून आमच्याकडे डावीकडून माप घेतलं की टेप फिरवून उजवीकडूनही घ्यायचं. दोन्ही जुळली तरच काचेला कटर लावायचा. नवऱ्याने पोरीला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे मात्र हाडीमाशी मुरवलं होतं. आणि पोरगी पेपरातली गणितंही काच समजून कापत होती. म्हणजे तो अर्धा पेपर कोरा ठेवला होता आम्ही!

मी हे सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवून सांगितलं, हे विशेष. बाईंच्या पेनचं टोपण पहिल्यांदाच थांबलं. “मला वाटलं, तिला स्वतःच्या उत्तराचा भरवसा नाही,” त्या म्हणाल्या. “पण वेळ सगळ्यांना सारखाच असतो हो. तिच्या एकटीसाठी कसा वाढवणार?”

सर म्हणाले, “फेरचाचणी एकदाच मागता येते. पेपर नवा, वेळ तेवढाच. मग जो निकाल लागेल तो कायमचा. विचार करून सांगा.”

“विचार झाला,” मी म्हटलं. त्यांचं वाक्य जेमतेम संपलं होतं.

घरी आल्यावर मात्र सरांचं ‘कायमचा’ आठवलं. मी ठमीला समोर बसवलं. “हे बघ, उत्तर आलं की पुढे जायचं. उलटंबिलटं काही नाही.”

“आणि चुकलं तर?”

“चुकेना का!”

आतून नवऱ्याचा आवाज आला, “असं शिकवू नकोस तिला.”

वर्षातून दोनदा बोलणारा माणूस, तोही नेमका आजच बोलला. मग मी काय सोडते! “अहो, तुमच्या त्या उलट्या मापानेच पोरीचा घात केलाय. पेपर म्हणजे काच नाही, कागद आहे कागद! कागदावर चुकलं तर खोडता येतं!”

नवरा कटर खाली ठेवून बाहेर आला. मला वाटलं, आता जुंपणार. पण तो ठमीला म्हणाला, “आई बरोबर बोलतेय. आपण गोल खिडकीची काच कशी कापतो?”

“आधी जाड कागदाचा नमुना कापतो.”

“त्याला उलटं माप घेतो का?”

“नाही. भराभर कापतो. मग खिडकीला लावून बघतो, आणि चुकलं तिथे दुरुस्त करतो.”

“मग? आधी सगळा पेपर नमुना म्हणून काप. वेळ उरला की उलटं माप घे.”

ठमीने मान डोलावली. मग वही घेऊन बसली आणि मी चक्क गप्प झाले. नवऱ्याचं एवढं लांब भाषण मी लग्नातही ऐकलं नव्हतं.

फेरचाचणीच्या दिवशी मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. माझ्यासाठीच लावली असावी. दाराच्या काचेतून ठमीची पाठ दिसत होती. एकदा तिने पान उलटलं, मग पुन्हा उलटलं. हिने पहिल्यांदाच पेपरचं शेवटचं पान पाहिलं असणार! नंतर ती परत पहिल्या पानावर आली आणि खोडरबर हातात घेतलं. ते पाहून मला इतका आनंद झाला की बाकावरून उठून मी दोन येरझाऱ्या घातल्या.

बाईंनी पेपर तिथल्या तिथे, आमच्यासमोर तपासला. लाल पेन खाली उतरत गेलं. शेवटी त्यांनी मान वर केली. “सगळी सोडवलीत. एक चुकलंय.”

“एकच?” मी ओरडले.

“कुठलं?” ठमीने विचारलं.

बाईंनी दाखवलं. दोरीच्या दोन तुकड्यांची बेरीज होती. एक तुकडा मीटरमध्ये दिलेला, दुसरा सेंटीमीटरमध्ये. ठमीने दोन्ही आकडे सरळ मिळवले होते, वर उलटंही तपासलं होतं, आणि ते जुळलंही होतं. तिने कपाळावर हात मारला आणि खळखळून हसली. “आमच्या दुकानात सगळं मिलीमीटरमध्येच असतं ना, म्हणून मी बघितलंच नाही! चुकीचं माप दोन्हीकडून घेतलं तरी चुकीचंच येणार.” चूक झाल्यावर हसताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सर खूश झाले होते, पण माणूस जपून पाऊल टाकणारा. म्हणाले, “छान. असं करू, मधल्या वर्गात घालू. एकदम वर नको, झेपलं पाहिजे.”

मी पदर खोचलाच होता. एकापेक्षा एक वाक्यं ओठांवर आली होती. पण माझ्याआधी ठमी बोलली.

“नको, सर. मला वरचा वर्ग हवाय.”

सरांनी चष्मा काढला. “का गं?”

“एकच चुकलंय, आणि ते का चुकलं ते मला कळलंय.”

आवाज मोठा नव्हता, पण मान वर होती. मग बाई म्हणाल्या, “सर, वरचा वर्ग माझ्याकडे आहे. ही मुलगी मला द्या.”

सरांनी तिथल्या तिथे सही केली. मला रडू फुटलं. सरळ सांगते, नाक ओढत, सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. माझी पोर स्वतःसाठी बोलली होती. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तर तो मी घटाघटा संपवला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ठमीने माझा हात धरला. “आई, तू आत एवढी गप्प कशी बसलीस?”

“तू माझ्यासाठी बोलायला काही ठेवलंस कुठे?” मी म्हटलं.