मशीनचा आवाज थांबला तेव्हा

आमच्या सासूबाई शिवणकाम करतात. त्या मशीनवर वाकलेल्या दिसल्या की काम जोरात चाललंय असं समजायचं, ही आमच्या घरची रीत. म्हणून त्या दुपारी त्यांची वाकलेली पाठ बघूनही मी निवांत होते. पण मशीनच्या खडखडाटावर झोपणारी आमची चिमणी लेक माझ्या मांडीवर किरकिरायला लागली, आणि मग लक्षात आलं, आवाजच नाहीये.

"आई, दोरा तुटला का?"

"पोटात कुणी सुरी फिरवतंय गं. पार पाठीपर्यंत. वाकलं की जरा बरं वाटतं." कपाळावर घाम, तरी वर हुकूम, "पित्त असेल. घोटभर दूध दे."

दूध आणायच्या आतच त्यांना उलटी झाली. मी लेकीला कडेवर घेतलं आणि त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई खाटेवर टेकून म्हणाल्या, "पित्ताशयातला खडा नळीत घसरलाय. त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आलीय. अन्न पचवणारा त्याचा रस त्यालाच पोळतोय."

"म्हणजे मी स्वतःलाच पचवतेय?"

"उद्योगी आहात!"

त्या कळांतही सासूबाई हसल्या. मला मात्र हसू येईना. हे दुखणं जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं.

सलाईन धो धो चालू होतं. वेदना शमवायची इंजेक्शनं होती. खडा आपणहून पुढे सरकला, कळा ओसरल्या, पेज पोटात ठरली. लगेच सासूबाईंचा सूर बदलला, "दुखणं गेलं ना? मग ऑपरेशन कशाला? घरी कपडे पडलेत."

"पित्ताच्या पिशवीत अजून खडे आहेत, आजी. पुढचा अडकला तर अशा सुटालच, असं नाही."

सासूबाईंनी माझ्या कडेवर बघितलं. चिमणीनं त्यांचं बोट धरून ठेवलं होतं.

"हिच्या झबल्याच्या बाह्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "काढा ती पिशवी. टाके मात्र नीट घाला, मी तपासणार आहे!"

तपासलेही. "बरे आहेत," असा शेरा दिला.

आता त्या पुन्हा मशीनवर वाकतात. मशीन थांबलं की मी हातातलं टाकून धावते. हे त्यांनी ओळखलंय. परवा सहज डोकावले, तर बॉबिन काढून ठेवलेली, सुईत दोरा नाही, शेजारी चिमणी गाढ झोपलेली, आणि सासूबाईंचा पाय मात्र पायट्यावर चालूच, मशीन रिकामंच खडखडतंय.

"झोप गं तूही," मागे न बघताच त्या म्हणाल्या. "मी आहे."