कोटाचा उजवा खांदा

मित्रांनो, मी एक जुना फौजी कोट आहे, पण फौजेत मी कधीच नव्हतो. माझ्या डोक्यातला गोंधळ इथूनच सुरू होतो. कोटाला डोके नसते, हेही मला ठाऊक आहे.

मला एका टीव्ही मालिकेसाठी शिवले. मालिका विनोदी होती, एका बावळट शिपायाची आणि त्याच्यावर सतत खेकसणाऱ्या मेजरची. स्टुडिओच्या कपडेपटात एक बाई सगळ्यांचे कपडे शिवायच्या. त्यांचे यजमान तिथेच सुतार होते. आमची बराक त्यांनीच उभी केली होती. तिला तीनच भिंती होत्या, चौथ्या बाजूला कॅमेरा. त्या उघड्या बाजूने शत्रू येईल म्हणून मी किती दिवस वाट पाहिली! तिकडून फक्त चहा यायचा.

माझी एक खोड होती. शिपायाने सलाम ठोकला की माझा उजवा खांदा टुणकन वर उडून त्याच्या कानाला भिडायचा. हात खाली यायचा, खांदा मात्र वरच.

"शिपाई, खांदा खाली!" मेजर ओरडायचा.

"साहेब, माझा खालीच आहे. कोटाचा वर आहे."

घराघरांत लोक हसून लोळायचे. आधी मला वाटले, माझे काहीतरी चुकते आहे. मग कळले, चुकते आहे म्हणूनच सगळे खूश आहेत. हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

बाईंनी हे कसे साधले ते कोणालाच सांगितले नाही. कोणी विचारले तर म्हणायच्या, "हाताचं काम आहे हो, तोंडाचं नाही."

मालिका संपली. स्टुडिओतले सामान काढून टाकत होते, तेव्हा बाईंनी मला पिशवीत घालून घरी आणले. पुढची तीस वर्षे मी त्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात लटकलो. तिथे घरातले बोलणे ऐकू यायचे. एक भांडण तर मला पाठ झाले होते. सुतारांचा निळा शर्ट हरवला होता, कडक कॉलरचा, मोठ्या हौसेने घेतलेला.

"समोरच्या इस्त्रीवाल्यानेच ढापला तो."

"अहो, कशावरून?"

"मग काय शर्टाला पाय फुटले?"

"फुटले असतील. त्याची कॉलर होतीच ताठ. कोणाचं ऐकायची नाही."

सुतारांनी त्या इस्त्रीवाल्याशी बोलणे टाकले. हा विषय निघाला की माझा उजवा खांदा का कोण जाणे अवघडायचा.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यानंतर सुतार रोज कपाट उघडायचे, माझ्या बाहीवरून हात फिरवायचे आणि काहीच न घेता कपाट लावायचे. काय हवे होते, ते त्यांनाही सांगता आले नसते.

मग एक दिवस एक तरुण दिग्दर्शिका आली, सोबत तिचा शिंपी. आमच्या मालिकेचा आता मोठा सिनेमा होणार होता. मी बाह्या सावरून तयार झालो. पण त्यांनी माझ्यासारखे सहा कोट शिवूनच आणले होते. ते नवेकोरे होते आणि माझ्यापेक्षा जुने दिसत होते. घासून घासून त्यांना म्हातारे केले होते. मी मात्र डांबरगोळ्यांत राहून नवा दिसत होतो. यात खरा कोण आणि नकली कोण, हा विचार मी सोडून दिला.

त्यांचे फक्त एकच अडले होते. खांदा उडत नव्हता.

"स्पंज घातला, तो उठत नाही," शिंपी म्हणाला. "तार घातली, तर हिरोचा कान कापला."

"काका, लोक आधी तो सलामच बघायला येणार," दिग्दर्शिका म्हणाली. "खांदा उसवून बघू द्या ना. परत असा शिवू की कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," सुतार म्हणाले. "तिच्या हातचं घरात एवढंच उरलंय. पडदे, उशा, सगळं विरून गेलं. हे टाके तुटले की संपलं."

दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "पण काका, मग त्यांनी आत काय केलंय, ते कोणालाच कळणार नाही. तुम्हालासुद्धा."

सुतार उठले आणि बाईंची छोटी कात्री घेऊन आले. "मीच उसवतो."

एकेक टाका ते जपून कापू लागले. मला भीती वाटत होती आणि गुदगुल्याही होत होत्या. अर्धा खांदा उसवला. अस्तराखाली काहीतरी निळे दिसले. कडक कॉलर, दुमडून, दोन्ही टोके वर करून बसवलेली. तिच्यावर इस्त्रीवाल्याची शाईची खूण अजून होती.

"माझा शर्ट!" सुतार इतक्या जोरात ओरडले की शिंप्याच्या हातातली टेप पडली. मग ते हसू लागले. हसता हसता थांबले आणि कॉलर हातात धरून बसून राहिले.

"अगं, सांगायचं तरी," ते कपाटाकडे बघून म्हणाले.

शिंप्याने कॉलरची घडी कागदावर उतरवून घेतली. कोट शिवून द्यायला तो तयार होता, पण सुतारांनी दिला नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी कॉलर होती तशीच आत ठेवली आणि स्वतः सुई घेतली. दोरा ओवण्यातच सकाळ गेली. टाके तर असे घातले की जणू खिळे ठोकत होते. आता माझा अर्धा खांदा बाईंचा आहे, अर्धा त्यांचा.

दुपारी ते मला घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेले. तोही म्हातारा झाला होता.

"तीस वर्षांनी?" तो म्हणाला.

"कोट आहे. इस्त्री करायचाय."

त्याने माझा खांदा चाचपला. "आत काहीतरी कडक लागतंय. काय आहे?"

"माझा शर्ट."

इस्त्रीवाल्याने एकदा मला पाहिले, एकदा त्यांना. "म्हणजे तो?"

"तोच. माझं चुकलं."

इस्त्रीवाल्याने स्टूल पुढे सरकवले. "बसा. इस्त्री तापायची आहे अजून."

इस्त्री तर केव्हाची तापलेली होती. तो असे का म्हणाला, मला समजले नाही. मी कोट आहे की शर्ट, हेही आता नीट सांगता येत नाही.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. ते काम सुतार करत आहेत. पण तुमच्या घरात कोणी काही शिवत बसले असेल, तर जवळ जाऊन बसा आणि विचारा, "आत काय घालतेस?" ती सांगणार नाही. तरी विचारा.