खाटेखाली दडलेले सुटे भाग

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. चार दारं, फिकट हिरवा रंग आणि नाव बायू. आमच्या मलय भाषेत बायू म्हणजे वाऱ्याची झुळूक. हे नाव ठेवणाऱ्याने माझा वेग आधी पाहायला हवा होता, असं लोक म्हणतात. मी मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म पेराक राज्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचे सपाट तुकडे यायचे, प्रचंड पोलादी साच्यांखाली दाबले जायचे आणि दार, टप, बॉनेट होऊन बाहेर पडायचे. ते साचे म्हणजे आम्हा सगळ्या बायूंची आई. साचा आहे तोवर आमच्यातली एखादी कुठे ठेचकाळली, गंजली, तरी तिला नवं दार मिळतं. साचा गेला की नाही.

मला घरी नेलं ते इपोह शहरातल्या बहारोम यांनी. ते दातांच्या कवळ्या बनवायचे. सहा दिवस माणसांचे दात घासायचे आणि सातव्या दिवशी मला. कवळ्यांच्या बारीक कानशीने त्यांनी माझ्या दारांच्या बिजागऱ्यांवरचा गंज काढला आहे. शेजारी परदेशी गाडी होती. तिचा मालक कुंपणावरून म्हणायचा, "काय बहारोम, पत्र्याचा डबा घेतलास?"

"असू दे की. डबा घरचा आहे. तुझ्यासारखा दुसऱ्याच्या घरून आणलेला नाही!"

आपल्या देशात बनलेली गाडी, एवढ्या एका गोष्टीवर तेव्हा माणसं खूश असत. लोक माझ्या टपावरून हात फिरवून बघायचे. बहारोम यांची मुलगी माझलिना इस्पितळातून घरी आली ती माझ्या मागच्या सीटवर, दुपट्यात. मोठी झाल्यावर ती गाडी शिकली तीही माझ्यावरच, आणि शिकता शिकता एका फळवाल्याच्या छपरीचा खांब तिने माझ्याच नाकाने पाडला. बहारोम खाली उतरले, आधी खांब बघितला, मग मला, मग तिला. "चल, आता मागे घ्यायला शीक," एवढंच म्हणाले.

नंतरचे दिवस उतरणीचे होते. स्वस्त आणि चांगल्या गाड्या आल्या. आमच्या कारखान्यातला माल मात्र बिघडत गेला. 'बायूवाला पाहुण्याला दार उघडू देत नाही, कारण मूठ पाहुण्याच्या हातात येते,' असे विनोद सुरू झाले. कंपनी तोट्यात गेली. तरी आमच्यावर जीव असलेली काही माणसं उरली होती. दर रविवारी सकाळी ती एका चहाच्या टपरीसमोर जमायची. आम्ही साऱ्या जणी रांगेत, बॉनेट वर करून उभ्या. माणसं एकमेकांच्या गाड्यांत डोकी घालून गप्पा मारायची, टीका करायची, हातातला पाना उसना द्यायची.

अशाच एका रविवारी कमारुल बातमी घेऊन आला. तो या बायूवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष होता. शाळेच्या बसगाड्या चालवून त्याचा आवाज मोठा झाला होता.

"ठरलं म्हणतात. चीनची कंपनी आपली अर्धी कंपनी विकत घेतेय."

"अर्धी कुठली? पुढची की मागची?" यिपने विचारलं. चिनी वंशाच्या यिपचं गॅरेज होतं आणि इपोहमधली एकही बायू त्याच्या हाताखालून गेल्यावाचून राहिली नव्हती.

"हस लेका, हस. तुझेच लोक येतायत."

"माझे लोक? माझा आजा इथल्या कथिलाच्या खाणीत चिखल उपसत मेला. त्यांनी पत्ता विचारला तर तुझाच देतो. येतील जेवायला. तुझी बायको करते तो झणझणीत रस्सा त्यांना झेपला तर कंपनी पूर्ण घेतील."

सगळे हसले. बहारोम हसले नाहीत. "नाव बदलू देत, नव्या गाड्या कशाही काढू देत," ते म्हणाले. "पण जुन्या गाड्यांचे भाग? ते बनवतील का?"



"परक्याला आपल्या म्हातारीचं कसलं कौतुक?" कमारुल म्हणाला. "साचे वितळवतील आणि त्याच्या खिडक्यांच्या जाळ्या करतील."

"मग आहे तोवर घेऊन ठेवलेलं बरं," बहारोम म्हणाले.

हे वाक्य आमच्या बहारोम यांचंच होतं. ते मी ऐकलं आहे.

त्यानंतर कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानासमोर आमच्या रांगा लागल्या. कुणी दिवे घेतले, कुणी पंप, कुणी आरसे. लागणारं घेतलं आणि न लागणारंही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती खोकी माझ्या मागच्या सीटवरून घरी जायची आणि बहारोम यांच्या खाटेखाली सरकायची. मला तर लग्नाचं सामान येतंय असं वाटायचं. किती जीव लावतात ही माणसं, मी मनात म्हणायचे.

व्यवहार झाला. कारखान्यावरची पाटी बदलली. आभाळ काही कोसळलं नाही. नव्या मालकांनी कुठलाही शहाणा दुकानदार करतो तेच केलं. काय खपतं आणि काय नाही ते पाहिलं. आमच्या भागांच्या दुकानात माशी फिरकत नव्हती. फिरकणार कोण? सगळ्यांच्या खाटा भरलेल्या.

मग एका रविवारी कमारुल आला तो बसायलाही तयार नव्हता. "बंद केलं. जुन्या बायूचं सगळं बंद. साचे तेल लावून गोदामात टाकलेत, वर्षभरात मागणी आली नाही तर भंगारात. मी दुकानातल्या माणसाची कॉलर धरली. तो काय म्हणाला माहीत आहे? 'एकदम सगळं उचललंत आणि मग कुणी फिरकलाच नाहीत. कंपनीला वाटलं, जुन्या बायू रस्त्यावरून संपल्या.'"

यिपने चहाचा पेला हळूच खाली ठेवला. "म्हणजे परक्यांनी नाही मारलं."

"पुरे, यिप," बहारोम म्हणाले.

आता चूक कळल्यावर माणसं शहाणी झाली असतील, असं तुम्हाला वाटेल. उलट झालं. जे मिळणार नाही ते आणखी घट्ट धरलं जातं. कुणाकडे काय आहे हे कुणी सांगेना. रविवार तोच, टपरी तीच, पण आमची बॉनेट उघडायची बंद झाली. आत नवा भाग दिसला तर कुणी मागेल ना! कमारुलच्या गाडीचा मागचा दिवा फुटला. त्याने त्यावर लाल प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि तसाच फिरू लागला. तसे दिवे बहारोम यांच्या खाटेखाली होते. ते मागायला कमारुल आला नाही, आणि बहारोम यांनीही आपण होऊन दिले नाहीत.

पुढे बहारोम यांची छाती बिघडली. कवळ्यांची धूळ वर्षानुवर्षं आत गेली होती. माझलिना क्वालालंपूरची नोकरी सोडून घरी आली. शेवटी तर त्यांना माझ्यापर्यंत चालत येणंही जमेना. ते खिडकीतून बघत. एका दुपारी घरात माणसं येऊ लागली. दाराबाहेर काढलेल्या चपलांचा ढीग वाढत वाढत माझ्या चाकांपर्यंत आला, तेव्हा मला कळलं.

माझलिना कुणासमोर रडली नाही. ती येऊन माझ्यात बसायची, दार लावून घ्यायची आणि किल्ली न फिरवताच परत जायची.

तिचे मामा म्हणाले, "पोरी, भंगारवाला विचारतोय. देऊन टाक. तुझ्या नावावर करायची तर सरकारी तपासणी आली. ही म्हातारी कसली पास होतेय! आणि गाडीचा परवानाही महिनाअखेर संपतोय."

"बघते, मामा."

"बघायचं काय त्यात? लोखंडात जीव अडकवू नये."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन यिपच्या गॅरेजकडे निघाली. रेल्वे स्टेशनजवळच्या उतारावर पुढे कोंबड्यांचे पिंजरे भरलेला टेम्पो थांबला. माझलिनाने ब्रेक दाबला आणि तिचा पाय थेट तळाला गेला. मी थांबले नाही. मित्रांनो, मालकिणीचा पाय सांगतोय थांब आणि आपल्या अंगात ते बळ नाही, यासारखी भीती दुसरी नसेल. तिने पुन्हा दाबला. काहीच नाही. मग दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. माझी मागची चाकं किंचाळली. कोंबड्यांची पिसं माझ्या काचेवर येऊन पडली आणि मी थांबले. टेम्पोवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

यिपने मला तपासलं. "ब्रेकचा मास्टर सिलेंडर गेलाय. पाय दाबलास की चाकांपर्यंत तेल ढकलतो तो. आतून गंजून खड्डे पडलेत."

"दुरुस्त होईल?"

"नाही. नवाच लागेल."

"जपानी गाडीचा बसवला तर?"

"बसवीन ठोकून. तपासणीवाले हाकलून देतील, आणि उतारावर मला झोप लागणार नाही. बायूचा बायूलाच लागतो, पोरी." मग तो हळू बोलला, "कमारुलने घेऊन ठेवलेत. मीच तेव्हा ती खोकी उचलायला त्याला मदत केली होती."

त्या शनिवारी माझलिना बहारोम यांच्या खाटेखालची खोकी गॅरेजात आणून माझ्या मागच्या सीटवर ठेवत होती. दिवे, आरसे, वायपर, एक रेडिएटर. प्रत्येक खोक्यावरचं वर्तमानपत्र ती सोडायची, आत बघायची आणि पुन्हा तसंच गुंडाळायची. मास्टर सिलेंडर त्यात नव्हता.

रविवारी यिपने मला त्याच्या ट्रकला बांधून टपरीपर्यंत ओढत नेलं. माझलिना उतरली. कमारुलने मान खाली घातली होती.

"कमारुलकाका, तुमच्याकडे मास्टर सिलेंडर आहेत."

"कोण म्हणालं?" त्याने यिपकडे रागाने पाहिलं. "आहेत, पण उद्या माझीच बंद पडली तर? आता मिळायचा नाही कुठे. तुझ्या आबांचा मला आदर आहे, पण आदराने गाडी थांबत नाही."

"बरोबर आहे तुमचं."

ती वाद घालेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने माझं मागचं दार उघडलं, फुटपाथवर चटई अंथरली आणि एकेक खोकं सोडून चटईवर मांडायला सुरुवात केली.

"हे काय करतेयस?" कमारुलने विचारलं.

"हे आबांनी घेऊन ठेवलेलं. आबांना आता लागणार नाही. ज्याला हवंय त्याने न्या."

"विकत?"

"नाही."

"अगं, पण तुला पुढे लागेल की!"

"माझी थांबतच नाही, काका. मी आरसे घेऊन काय करू?"

चहावाला हातातलं भांडं तसंच धरून उभा राहिला. मला वाटलं, झालं. आता ही माणसं आरसे नेतील आणि मी भंगारात जाईन. मग एक म्हातारा पुढे आला आणि वायपर उचलून आपल्या गाडीकडे गेला. पण गाडीत न बसता त्याने डिकी उघडली, आतून एक पाण्याचा पंप काढला आणि वायपरच्या जागी आणून ठेवला. त्याच्यामागून दुसरा उठला. थोड्याच वेळात चटई अपुरी पडली.

कमारुल चटईवरच्या मागच्या दिव्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "हा बहारोमकडे होता? आणि मी सबंध पावसाळा प्लास्टिक लावून फिरलो?"

"मागायचा होतास," यिप म्हणाला.

"त्याने द्यायचा होता!" कमारुलचा आवाज फुटला. त्याने दिवा उचलला नाही. गाडीत बसून तो निघून गेला. माझलिना चटईच्या कडेला उभी राहिली. तिने इतर कुणाला विचारलं नाही. बऱ्याच वेळाने कमारुल परत आला. त्याच्या हातात मास्टर सिलेंडर होता आणि काखेत दुसरा.

"एक हिला बसव," तो यिपला म्हणाला. "दुसरा चटईवर राहू दे. आणि उद्या सगळ्यांनी कारखान्यावर चला माझ्याबरोबर, गाड्या घेऊन. बायू संपल्या म्हणतात काय! मोजू देत त्यांना."

ते गेले. आमची रांग फाटकापासून हमरस्त्यापर्यंत लागली होती, असं यिप सांगतो. मी तेव्हा त्याच्या गॅरेजात जॅकवर होते. क्लबने दरवर्षी ठरावीक संख्येने सुटे भाग विकत घ्यायचं कबूल केलं, आणि नव्या कंपनीची एक तरुण अधिकारी बाई बाहेर येऊन एकेका गाडीचं बॉनेट उघडून बघत गेली. वरच्यांना विचारते म्हणाली. उत्तर अजून आलेलं नाही. साचे अजून गोदामात आहेत.

तपासणीच्या दिवशी मला यंत्राच्या फिरत्या लोखंडी रुळांवर चढवलं. रूळ माझी चाकं फिरवू लागले आणि अनोळखी माणसाने ब्रेक दाबला. मी सगळं बळ एकवटलं. यंत्रावरचा काटा थरथरला, वर चढला आणि तिथेच राहिला. "पास," तो माणूस म्हणाला, रोज म्हणत असेल तशाच आवाजात.

मित्रांनो, वस्तू जपा. पण जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. भीतीने दडवलेली वस्तू तुमच्याही उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्याच्याही. जे ज्याचं अडलंय ते त्याला मागण्याआधी द्या. आमच्या बहारोम यांच्यासारख्या चांगल्या माणसालाही ते जमलं नव्हतं.

तपासणीनंतर माझलिना खिडकीपाशी गेली. माझ्या कागदांवरून तिच्या वडिलांचं नाव आता खोडलं जाणार होतं. मला वाचवायचं तर तिला एवढं करावंच लागणार होतं, आणि सही करताना तिचा हात थांबलेला मी काचेतून पाहिला. परत येऊन ती माझ्यात बसली आणि नवा कागद स्टिअरिंगवर ठेवून वाचू लागली. आमच्याकडे आडनाव नसतं. मूल आपल्या नावापुढे बापाचं नाव लावतं. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं : माझलिना बिंती बहारोम. बहारोम यांची मुलगी माझलिना.

तेव्हा ती रडली. मग तिने किल्ली फिरवली.