केसभर ढिली

सातपूरच्या कारखान्यांत रंगनाथ शेजवळने तीस वर्षं फिटरकी केली, आणि तीसही वर्षं त्याचं एकाच गोष्टीशी वैर होतं: ढिलेपणाशी. पिन भोकात बसली की हलता कामा नये. हलली, की तो समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. आता स्वतःच्या गाळ्यात तो शर्यतीच्या रिमोटवाल्या गाड्या बनवायचा. दिसायला हातभर, पण पळायला लागल्या की मोटरसायकलवाल्याने तोंडात बोट घालावं.

सलग दोन वर्षं त्याच्या गाड्यांनी मैदान मारलं. यंदा मात्र त्याच्याकडून गाड्या घेणाऱ्या क्लबातल्या तिघांनी परदेशी गाड्या आणल्या, आणि शेजवळांचं डिझाइन जुनं झालं अशी कुजबुज सुरू झाली. वणी रस्त्याच्या मातीच्या ट्रॅकवर दिवाळीनंतरची शर्यत बघू आणि मग पुढची गाडी कुणाची घ्यायची ते ठरवू, असं बाकीच्यांनी तोंडावर सांगितलं. रंगनाथला ते फार लागलं. हरलो तर शर्यतीची गाडी पुन्हा बनवणार नाही, असं तो घरी बोलून बसला.

म्हणून या खेपेला त्याने जुळणीला कुणाला हात लावू दिला नाही. एरवी ते काम सरुबाईंचं. सात वर्षं त्या गाळ्यात होत्या, बोलणं कमी, हात चालू. रंगनाथने चार दिवस खपून गाडी अशी आवळली की एक पिन हलेल तर शपथ. आजवर निकाल फोनवरच कळायचे. यंदा सरुबाईंना घेऊन तो स्वतः ट्रॅकवर आला.

आणि पहिल्याच फेरीत गाडीने नाक कापलं. ट्रॅकभर खळगे. गाडी प्रत्येक खळग्यावर बेडकासारखी उडायची. ती चालवणारा क्लबातला अमोल घामाघूम झाला आणि शेवटून पहिला आला. संपलं सगळं, असं म्हणत रंगनाथ मान खाली घालून बसला.

सरुबाईंनी पिशवीतून रीमर काढला, भोक मोठं करायचं हत्यार, आणि म्हणाल्या, "भाऊ, लय आवळलंय. चाकाला जरा हलू द्या."

रंगनाथच्या ओठावर शिवी आली होती. पण पहिल्या फेरीने फक्त सुटण्याचा क्रम ठरला होता, अंतिम फेरीला वीसच मिनिटं होती, आणि बुडत्याला काडीचा आधार. त्याने गाडी पुढे सरकवली. चाकांना धरणाऱ्या आर्मची भोकं बाईंनी केसभर मोठी केली. आर्म उचलून सोडला की आपल्या वजनाने खाली पडू लागला. तो खुळखुळाट रंगनाथला ऐकवेना.

झेंडा पडला, आणि रंगनाथ जागचा उठून उभा राहिला. त्याच खळग्यांवरून गाडी अशी गेली, की वर भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. खाली चाकं वेडीपिशी नाचत होती आणि वरचा सांगाडा निवांत. वळणावर तिने एक परदेशी गाडी गाठली, उडीवर दुसरी, आणि शेवटच्या फेऱ्यात तिसरी. त्याच्या अंगावर काटा आला. आपल्या गाळ्यातली वस्तू इतकी देखणी पळते, हे त्याला साठीला टेकल्यावर कळत होतं. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

अमोल पहिला आला. गलका झाला, पण रंगनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. मागच्या जिंकलेल्या गाड्याही अशाच केल्या होत्या का, असं त्याने सरुबाईंना हळूच विचारलं.

"सगळ्याच," त्या म्हणाल्या. "आधीच्या आवळलेल्या मोडून परत यायच्या. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

त्याला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. एवढा मोठा कारागीर सात वर्षं आपल्या शेजारच्या स्टुलावर बसलाय, आणि आपण त्याला नुसता पिना बसवणारा समजत होतो, याची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात क्लबातले सगळे धावत आले. शेजवळकाका, काय डिझाइन आहे, आतमध्ये केलंय तरी काय, असं विचारू लागले. रंगनाथने सरुबाईंना पुढे केलं.

"यांना विचारा," तो म्हणाला. "मीही यांच्याकडेच शिकतोय."