लाल रेघ उजवीकडे

गुरुवारी मारितला पाच प्राध्यापकांपुढे उभं राहायचं होतं. आज मंगळवार, आणि तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधातले सहा आकडे काही केल्या जागेवर बसत नव्हते.

नॉर्थ डकोटातल्या शेल खडकातल्या जुन्या तेलविहिरींत वायू दाबून भरला, तर मधल्या थरातलं अडकलेलं तेल सुटतं, असं तिचं म्हणणं होतं. थराचा सैल पट्टा तेल देतो, घट्ट पट्टा देत नाही. चार वर्षं प्रयोगशाळेत घालवून तिने ते सिद्ध केलं होतं. चौथ्या विहिरीने मात्र घात केला. सैल पट्ट्यातल्या खडकाच्या तीन तुकड्यांनी तेलाचा थेंब सोडला नाही आणि घट्ट पट्ट्यातले तीन मात्र भरभरून पाझरले.

सहा आकडे गाळले असते तर कुणाला कळणार होतं? रात्री तिने ते गाळलेही होते. पण सकाळी न्याहारीपूर्वीची प्रार्थना म्हणताना तिची जीभ अडली. तिने आकडे परत घातले आणि ती बर्फ तुडवत विद्यापीठाच्या खडकघरात आली. दोन मैल खालून काढलेले खडकाचे गोल दांडे तिथे लांबट खोक्यांत रचून ठेवलेले असतात. तिला तुकडे नेहमी कापून पाठवले जात. ज्या दांड्यांतून ते कापले, ते तिने कधी पाहिलेच नव्हते.

"या डॉक्टरीणबाई!" खडकघर सांभाळणारा एल्डन हाईट म्हणाला. साठी उलटली होती, पण पाठ ताठ. "की अजून व्हायच्यात?"

"व्हायचं लांबच राहिलं, एल्डन. चौथ्या विहिरीची खोकी दाखवता का?"

"दाखवतो. कॉफी घेशील? मी घेणार नाही. उपवास म्हणून ईस्टरपर्यंत सोडलीय. एकवीस दिवस झाले, तेव्हा माझ्या स्वभावाला नावं ठेवू नकोस."

"आधी काय फार गोड होतात?"

एल्डन हसला आणि दहा खोकी टेबलावर ओळीने मांडू लागला. तीस फूट खडक, सगळा करडा. सैल कुठला नि घट्ट कुठला, हे नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

मारित वाकून पाहत राहिली. प्रत्येक खोक्याच्या एका टोकाला 'वर' असं आणि खोलीचा आकडा लिहिलेला होता. दांडा विहिरीतून वर आला की त्यावर उभ्या दोन रेघा ओढतात, लाल आणि काळी. वरचं टोक वर धरलं की लाल उजवीकडे आली पाहिजे. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे पाठ असतं.

"एल्डन," ती हळूच म्हणाली, "लाल डावीकडे आहे."

"काहीतरीच!" त्याने चष्मा चढवला. दुसरं खोकं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग दहाही. शेवटी खोक्यावरच्या अक्षरावर बोट ठेवून तो मटकन स्टुलावर बसला. "उफ् दा, अरे देवा! हे माझंच अक्षर गं."

"कधीचं?"

"सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं. बाहेर उणे तीस होतं आणि शेगडी टेबलाच्या पलीकडे. बोटं गोठायला लागली म्हणून मी शेगडीकडे जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच खोकी भरली. म्हणजे उलट्या टोकाकडून! पहिलं ते शेवटचं झालं."

मारितने खडकातून निघणारे किरण मोजणारं छोटं यंत्र दांड्यांवरून हळूहळू फिरवलं. मातकट खडकापाशी काटा चढतो. मग त्याच किरणांची विहिरीत घेतलेली मूळ नोंद, तिच्या आलेखाचा कागद, तिने शेजारी धरला. जुळेना. तिने कागद उलटा फिरवला. एकेक शिखर, एकेक दरी नेमकी बसली.

म्हणजे ज्यांनी तेल दिलं नाही, ते तुकडे घट्ट पट्ट्यातले होते आणि पाझरलेले सैल पट्ट्यातले. सहाही आकडे खरं बोलत होते. नुसता पत्ता चुकला होता.

ती खोक्यांशेजारी फरशीवर बसली आणि हसता हसता रडू लागली.

"पोरी, माझ्यामुळे तुझी चार वर्षं..."

"गेली नाहीत हो. सापडली."

तिने फरशीवरूनच आपले मार्गदर्शक प्राध्यापक लिंडक्विस्टना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून रेघा तपासून घे, फोटो काढ आणि जे झालं ते जसंच्या तसं लिही. मलाही आज झोप लागेल."

"खोकी रचताना चूक झाली होती, एवढंच लिहिते," फोन ठेवून ती एल्डनला म्हणाली.

"नाही. माझं नाव घाल. ज्याने उलटं रचलं, त्यानेच सुलटं केलं असंही लिही, म्हणजे थोडी अब्रू राहील."

दुपारभर दोघांनी दहाही खोकी सुलटी केली. शेजारच्या प्रयोगशाळेतली बाई येऊन रेघा तपासून, सही करून गेली. शेवटच्या खोक्यावर नवा आकडा घातल्यावर एल्डनने मारितसाठी कॉफी ओतली. कप तिच्या हाती देण्यापूर्वी त्याने तो नाकाशी धरून डोळे मिटले.

"वासाने मोडत नाही ना उपवास?"

"वासाला माफी आहे," ती म्हणाली, आणि कप आणखी क्षणभर तिने त्याच्याच हातात राहू दिला.