जूनबगच्या पाठीतला खळगा

होबार्ट क्रॅबट्रीच्या तबेल्यात घोडी एक होती आणि खोगिरं चार. पहिलं ओलेटाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, जुनं. बाकीची तीन त्याने दोन वर्षांत आणलेली. त्याच्या मते चारही कुचकामी होती. अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगराळ मुलखात खोगिराच्या बाबतीत होबार्टचा शब्द शेवटचा मानत, आणि मानणाऱ्यांत सगळ्यात पुढे तो स्वतः.

घोडी जूनबगही ओलेटाचीच. फॉक्सट्रॉटर जातीची, पुढच्या पायांनी चालणारी, मागच्या पायांनी पळणारी. तिच्यावर बसलेल्याच्या हातातली कॉफी हिंदकळायची नाही. अशी घोडी बिनचूक चालली की खडीच्या रस्त्यावर टापांचा जो ठेका पडतो, तो तिथली माणसं ‘मांसाचा तुकडा, दोन बटाटे’ असा मोजतात. खुबा मोडल्यापासून होबार्ट घोड्यावर बसला नव्हता. रोज दुपारी कुंपणाला टेकून तो ओलेटाचा ठेका ऐकत उभा राहायचा. दिवसातलं तेवढंच त्याला खरं सुख होतं, पण ते त्याने तिला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ठेका बिघडला. एक बटाटा हरवलाय, असं ओलेटाच हसत म्हणाली. खोगीर उजवीकडे सरकू लागलं. होबार्टने सगळं खापर खोगिरावर फोडलं आणि नवं आणलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी ओलेटा म्हणायची, हे बरंय. आणि महिन्याभरात तेही उजवीकडे झुकायचं. चौथ्याचीही तीच गत झाली तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. कुंपणावरून तो म्हणाला, "धान्याचं पोतंसुद्धा तुझ्यापेक्षा सरळ बसेल. सोन्यासारख्या घोडीची माती केलीस."

ओलेटा जपून उतरली, घोडीला खरारा केला, आणि घरात जाऊन त्याच्यासाठी घेवडा शिजत टाकला.

जानेवारीत तिने अंथरूण धरलं आणि मार्चमध्ये ती गेली. डाव्या कुशीत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. कधीपासून दुखत होतं, असं होबार्टने विचारलं, तेव्हा या थंडीतच सुरू झालं, असं ती म्हणाली. शेवटच्या आठवड्यात तिने त्याच्याकडून एकच वचन घेतलं. जूनबगला नीट बसेल असं खोगीर बघायचं, पण या वेळी दुसऱ्या कुणाला तरी विचारून. त्या दुःखातही होबार्टला ते जरा लागलंच.

वचन पाळायचं म्हणून मे महिन्यात त्याने लव्हॉन टॅकेटला बोलावलं. गावोगाव फिरून घोड्यांना खोगिरं बसवून देणं हा तिचा धंदा. गाडीतून उतरतानाच ती म्हणाली, "मिस्टर होबार्ट, तुम्ही मला बोलावलंत हे गावात सांगितलं तर लोक मला खोटारडी म्हणतील."

"मग सांगू नका," होबार्ट म्हणाला.

लव्हॉनने चारही खोगिरं आलटून पालटून घोडीच्या पाठीवर ठेवली. मग पालथ्या बादलीवर चढून तिने मागून जूनबगची उघडी पाठ पाहिली. बराच वेळ पाहिली. खाली उतरून तिने होबार्टचा हात धरला आणि घोडीच्या उजव्या खांद्यामागे ठेवला. त्याचा तळवा आत बसला. डावीकडे तीच जागा भरलेली होती.

"खोगिरं चारही चांगली आहेत," ती म्हणाली. "हिच्यावर बसणारं माणूस उजव्या अंगावर भार टाकून बसायचं. स्नायू दबून दबून झिजलाय. कोण बसायचं?"

"माझी बायको."

"त्यांना डाव्या बाजूला काही दुखत होतं का?"

होबार्टने विचारलं, असा खळगा पडायला एक थंडी पुरते का.

"छे हो," लव्हॉन म्हणाली. "दोन वर्षं तरी. जास्तच असेल."

होबार्ट पालथ्या बादलीवर बसला. म्हणजे ती तीन खोगिरं आणली तेव्हाही. पोतं म्हणाला तेव्हाही. ती रोज दुपारी कळ सोसून घोडीवर चढत होती, आणि तो कुंपणाशी उभा राहून बटाटे मोजत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की लव्हॉनकडे मान वर करून बघवेना.

लव्हॉनला काय ते समजलं. ओलेटाच्या जुन्या खोगिराखाली उजव्या बाजूला तिने लोकरीच्या जाड पट्टीचे चार थर घातले, पोटाखालचा तंग आवळला आणि स्वतः वर बसून घोडी रस्त्यावर काढली. पहिल्या फेरीत जूनबग अडखळली. दुसऱ्या फेरीत खडीवर ठेका आला. मांसाचा तुकडा, दोन बटाटे. होबार्ट कुंपणाला धरून रडला.

परत आल्यावर लव्हॉनने समजावलं. दर महिन्याला एक थर कमी करायचा. हळूहळू स्नायू भरत येईल, मग पट्टी लागायचीच नाही. "थंडी पडेपर्यंत पाठ सारखी होईल. खूणसुद्धा राहणार नाही."

खोगीर उतरवल्यावर होबार्टने पुन्हा त्या खळग्यात हात ठेवला. जागा अजून गरम होती.

"दर महिन्याला तुम्हीच येत जा," तो म्हणाला. "थर तुम्ही काढा. माझ्या हातून ते व्हायचं नाही."